जयभवानी रोडला १९८६ चा जुळा बंगला घ्यावा का? जुन्या शांत वस्तीत राहणाऱ्यांनी सांगा प्लीज

चाफेकळी

नमस्कार मंडळी. नाशिकरोड, उपनगर, जयभवानी रोड, गांधीनगर, देवळाली कॅम्प या बाजूला जे बरीच वर्षं राहताहेत त्यांच्याकडून जरा सविस्तर ऐकायचंय म्हणून लिहितेय. आम्ही सध्या पाथर्डी फाट्याजवळ एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये सातव्या मजल्यावर आहोत. फ्लॅट चांगला आहे, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, पाण्याची बोंब नाही, पण हायवेचा आवाज रात्रीसुद्धा थांबत नाही आणि सासूबाई (वय ७१) सिन्नरहून आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांचं खाली उतरणंच बंद झालंय, गावाकडे दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणारी बाई, इथे गॅलरीतून खालच्या गाड्या बघत बसते. मला ते बघवत नाही खरंच.

तर जयभवानी रोडच्या आत एका गल्लीत जुळा बंगला विकायला आहे. १९८६ चं बांधकाम, खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची, पुढे अंगणात सोनचाफा आणि मागे आंबा. प्रेसमधून (सरकारी छापखान्यातून) रिटायर झालेल्या एका गृहस्थांचा होता, ते आता नाहीत, मुलं तीन, एक अमेरिकेत, एक मुलगी पुण्यात आणि एक इथेच इंदिरानगरला. गल्ली पुढे बंद होते त्यामुळे परकी वाहनं येत नाहीत. दुपारी बघायला गेलो तर पक्ष्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी अंगणात पाय ठेवला आणि "हे घ्या" म्हणाल्या, आतल्या खोल्या बघितल्याच नाहीत त्यांनी.

मिस्टरांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांची कंपनी अंबडला, आत्ता दहा-पंधरा मिनिटांत पोचतात, तिकडून वडनेर रोडने यावं लागेल. शिवाय याच बजेटमध्ये नवीन थ्री बीएचके येतो मग जुन्या घरात पैसे घालून वर दुरुस्तीत पैसे घालायचे का असं ते म्हणतात, आणि ते चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. मुलगी सातवीत आहे, तिच्या सगळ्या मैत्रिणी कॉम्प्लेक्समधल्या. त्या गल्लीत मला एकही मूल दिसलं नाही, आणि बऱ्याच गेटांना कुलूप, आत पाचोळा पडलेला.

मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक, इतकं जुनं घर घेताना नेमकं काय तपासायचं. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, ही जी शांतता आहे ती आणखी पंधरा वर्षं टिकेल का, आणि टिकली तर ती अंगावर येईल का? ब्रोकर काय "पॉश शांत एरिया मॅडम" एवढंच म्हणतो.

---

वालदेवीकाठ

ताई, मी लहानाची मोठी त्याच भागात झाले आणि लग्नानंतर परत त्याच भागात आले, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, पहिल्याचं इथे कुणी इंजिनीअर देईलच.

आमचा भाग शांत का आहे हे आधी समजून घ्या. इथे नाशिकसारखं जुनं गावठाण नाही की पेठा नाहीत. इथे आधी रेल्वे स्टेशन आलं, मग १९२० च्या दशकात सरकारी छापखाना आला, १९२८ ला करन्सी नोट प्रेस, तिकडे देवळालीला तोफखान्याचं स्कूल, इकडे आर्टिलरी सेंटर. म्हणजे इथे माणूस आला तो सरकारी नोकरीला आला, क्वार्टरमध्ये राहिला, आणि रिटायरमेंट दिसायला लागली तशी सत्तर-ऐंशीच्या दशकात सोसायट्या करून प्लॉट घेतले आणि घरं बांधली. तेव्हा नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती, १९८२ ला नाशिक, सातपूर आणि ही मिळून महानगरपालिका झाली. एकाच पगारातली, एकाच शिफ्टची, एकमेकांच्या ओळखीची माणसं शेजारी-शेजारी येऊन बसली, त्यामुळे गल्लीत दुकान नको, वर्कशॉप नको, हे कुणाला सांगावं लागलं नाही. आणि पाठीमागे लष्कराची हद्द, तिथून पुढे गाव वाढूच शकत नाही, रस्ता आरपार जात नाही. तुम्ही दुपारी जी शांतता अनुभवली ना ती या दोन गोष्टींनी झालेली आहे.

आता पूर्ण खरं सांगते, आवाज अजिबात नाही असं नाही. गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, त्यांची हेलिकॉप्टर सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालतात, नवीन माणूस पहिले काही दिवस प्रत्येक वेळी बाहेर येऊन वर बघतो. देवळालीच्या रेंजवर फायरिंग असलं की तोफांचा धप्प आवाज येतो आणि कधी कधी खिडकीची तावदानं थरथरतात. रात्री वारा तसा असेल तर स्टेशनवरच्या गाडीची शिट्टी आणि अनाउन्समेंटसुद्धा ऐकू येते. पण यातला एकही आवाज हायवेसारखा सलग नाही, तो येतो आणि जातो, आणि मध्ये जागा असते. आम्हाला तर फायरिंगच्या आवाजाने झोप मोडत नाही, पण गल्लीत अनोळखी बाइक थांबली तर सगळ्यांना जाग येते.

सासूबाईंचं म्हणाल तर मी डोळे झाकून हो म्हणेन. सकाळी फुलं तोडायला बाहेर पडणाऱ्या बायका, साडेदहाला भाजीवाला गाडी घेऊन येतो तेव्हा गेटपाशी अर्धा तास चर्चा (भाजी पाच मिनिटांची), दुपारी कुणाकडे पापड लाटायला, संध्याकाळी दत्तमंदिर नाहीतर मुक्तिधाम, कुणी तिकडूनच बिटको चौकात जाऊन येतं. आमच्याकडे पलीकडच्या काकूंनी सकाळी आठपर्यंत पडदा सरकवला नाही तर कुणीतरी जाऊन बेल वाजवतंच, हे कुणी ठरवलेलं नाही. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक कुणाच्या गच्चीवर शिजणार हे फेब्रुवारीतच ठरलेलं असतं. सिन्नरची बाई आठवड्यात रुळेल.

पण तुम्ही आणि तुमची मुलगी, त्याचं मात्र वेगळं आहे. त्याबद्दल खालच्या लोकांनी लिहावं, माझी मुलं मोठी झालीत.

---

शिफ्ट_बी

मी लिहितो मग. माझे वडील प्रेसला होते, मी गांधीनगरला वाढलो, आता वडाळा-पाथर्डी रोडला राहतो आणि आईवडील अजून तिकडेच जुन्या घरात आहेत, म्हणजे मी आठवड्यातून तीन-चार वेळा तिकडे असतो. वालदेवीकाठ ताईंनी लिहिलंय त्यातला शब्द न शब्द खरा आहे, पण ते आमच्या आईवडिलांच्या वयाच्या लोकांचं खरं आहे.

आमच्या लहानपणी त्याच गल्लीत आम्ही पंधरावीस पोरं होतो. दसऱ्याच्या आधी गांधीनगरची रामलीला, दहा दिवस अख्खी गँग तिथेच, दिवाळीत किल्ले, मे महिन्यात कैऱ्या पाडणं, रस्त्यातच क्रिकेट कारण गाडीच यायची नाही. तेव्हा ती वस्ती शांत अजिबात नव्हती हो! आज जी शांतता आहे त्यातली निम्मी पोरं निघून गेल्यामुळे आलेली आहे. पुणे, बंगलोर, बाहेर. उरले सत्तरीचे आईवडील, आणि त्यातले एक गेले की दुसऱ्याला मुलं घेऊन जातात आणि गेटला कुलूप. तुम्ही जी कुलपं बघितली ती अशीच आहेत. वारसांचं एकमत होत नाही म्हणून घर विकलंही जात नाही, मग पाचोळा, मग उंदीर, मग चोऱ्या. बंद घरं फोडल्याच्या बातम्या दरवर्षी असतातच.

मुलगी सातवीत म्हणजे पुढची सहा-सात वर्षं तिच्या आयुष्यातली मैत्रिणींची वर्षं आहेत. तिथे तिला संध्याकाळी सहा वाजता खाली जाऊन कोण भेटणार? क्लासेस कॉलेज रोडला असतील तर द्वारका सर्कल पार करून जायचं, संध्याकाळी द्वारकाला ट्रॅफिकची काय कोंडी होते हे तुम्हाला माहितीये. दहावीनंतर रोज तेच. पुढे २०२७ चा सिंहस्थ, रस्त्यांची कामं, नाशिकरोड स्टेशनवर गर्दी. मिस्टरांचा वडनेर रोड रात्री उशिरा एकट्याने बाइकवर येण्यासारखा नाही, सेकंड शिफ्ट असेल तर विचार करा. वडनेर, विहितगाव, तिकडे दारणाकाठ सगळा ऊस, त्यात बिबट्या आहे आणि आर्टिलरीच्या झाडीतून वस्तीकडे पण येतो, कुत्री उचलतो. घाबरवायचं म्हणून सांगत नाहीये. अंगणात रात्री लाइट चालू ठेवणं, उष्टं-खरकटं बाहेर न टाकणं, लहान मूल किंवा म्हातारं माणूस अंधारात एकटं बाहेर न सोडणं हे तिकडे आता सगळेच पाळतात, तुम्हालाही पाळावं लागेल.

मी घेऊ नका म्हणत नाही. पण घर बघायला दुपारी एकदा गेलात तसं संध्याकाळी सात वाजता, रविवारी सकाळी आणि एकदा पावसात पण जा. आणि घरं नका मोजू, ज्या घरात चाळिशीच्या आतलं कुणी राहतं अशी घरं किती ते बघा.

---

वीट_वाळू

सिव्हिलमध्ये बरीच वर्षं काढली, त्यातली बरीचशी जुन्या घरांच्या दुरुस्तीत, म्हणून घराबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

१९८६ चं घर म्हणजे बहुतेक लोडबेअरिंग असणार, म्हणजे कॉलम-बीमची फ्रेम नाही, नऊ इंची भिंतीच सगळा भार घेतात. हे वाईट नाही, चांगलं केलेलं लोडबेअरिंग अजून पन्नास वर्षं टिकतं, पण एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा की आतली भिंत काढून हॉल मोठा करू, ओपन किचन करू असलं काही त्यात जमत नाही. इंटिरिअरवाला "होऊन जाईल" म्हणेल, नाही म्हणा. वर आणखी मजला चढवायचा विचार असेल तर तोही सोडा.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतीला तिरक्या भेगा जातात, खास करून खिडकीच्या कोपऱ्यातून वर किंवा खाली निघालेल्या. उभी बारीक रेघ प्लॅस्टरची असते, तिची काळजी नको. तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांची, विटांच्या सांध्यातून गेलेली आणि नाणं जाईल इतकी रुंद असेल तर थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला घेऊन जा. तसंही महापालिका कायद्यात ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल तपासून घ्यायची तरतूद आहे, म्हणजे मालकाकडे रिपोर्ट मागणं यात गैर काही नाही. नसेल तर तुमच्या खर्चाने करून घ्या, घराच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही.

मग गच्ची. त्या काळी ब्रिकबॅट कोबा करायचे (स्लॅबवर गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा थर), वीस-पंचवीस वर्षांनी तो पोकळ वाजायला लागतो. पायाने आपटून बघा, पोकळ आवाज आला की खाली पाणी जातंय. वरच्या मजल्याचं छत आणि छज्जे खालून बघा, प्लॅस्टर फुगून गज उघडे पडलेत का, गंजाचे तपकिरी डाग आहेत का. रंग नवीन मारलेला असेल तर जास्त लक्षपूर्वक बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत ओली किंवा पापुद्रे सुटलेली असेल तर जोत्याची डीपीसी (जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर) गेलीय, तो त्रास पूर्ण जात नाही, कमी होतो.

पाइप सगळे जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) असणार, आतून गंजून बोटभर भोक उरलेलं असतं, ते सरळ बदलायचेच धरा. वायरिंगपण पूर्ण नवीन, अर्थिंगसकट, कारण ८६ ला कुणी दोन एसी आणि गीझर धरून वायर टाकली नव्हती. ड्रेनेज मात्र घर घ्यायच्या आधीच तपासायचं, नंतर नाही. जुन्या भागात आधी सेप्टिक टँक होते, मग पालिकेची लाइन आली, काही लोकांनी जोडणी नीट केली, काहींनी टँक तसाच ठेवून ओव्हरफ्लो जोडला. मागचा आंबा त्या टँकच्या किंवा चेंबरच्या किती जवळ आहे बघा. मुळं चेंबरमध्ये शिरलेली असतात. पण म्हणून आंबा तोडायचा विचार करू नका, एक तर ३५-४० वर्षांचं झाड परत मिळत नाही आणि दुसरं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा पालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. चेंबर सरकवा, झाड ठेवा. मे महिन्यात त्या खोल्यांना पंखा पुरतो तो त्या झाडामुळे.

मिस्टरांना सांगा, दुरुस्तीचा खर्च आधी कागदावर मांडून तो किमतीतून कमी करूनच ऑफर द्या. नुसतं "जुनं आहे, कमी करा" म्हणून मालक ऐकत नाही. कोबा, पाइप, वायरिंग, ड्रेनेज असं मांडून दाखवलं की ऐकतो.

---

सातबारा

रजिस्ट्रीच्या कामात असतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

तुमच्या केसमध्ये घरापेक्षा कागद महत्त्वाचे आहेत कारण मालक वारले आहेत आणि वारस तीन आहेत. मृत्युपत्र होतं का विचारा. नसेल तर तिघांची सही लागणार, आणि आई हयात असेल तर तिचीसुद्धा. "बहिणीचं काही नाही, ती सोडून देते" असं तोंडी कुणी म्हटलं तर चालत नाही, मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, ती सोडत असेल तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र पाहिजे. अमेरिकेतल्या मुलाने पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवली तर ती तिथे रीतसर साक्षांकित झालेली असली पाहिजे आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत तिच्यावर महाराष्ट्राची स्टॅम्प ड्यूटी भरली गेली पाहिजे. या एका कारणाने महिनोन् महिने अडकलेले व्यवहार बघितलेत. वारसांची नावं प्रॉपर्टी कार्डवर (किंवा सातबाऱ्यावर, जे लागू असेल ते) चढल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नका.

३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) घ्या. एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर ले-आउट, बांधकामाची परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला बघा, वरची खोली मूळ नकाशात आहे का नंतर चढवलीय ते त्यातच कळेल, कारण बँक नेमकी तिथेच अडवते. प्लॉट सोसायटीचा असेल तर सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट लागतं. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी बंद घरांवर हमखास असते. लोन काढणार असाल तर बँक जुन्या बांधकामाचं उरलेलं आयुष्य बघते आणि मुदत तेवढीच देते हे आधीच बँकेत विचारून घ्या. तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे, तेवढ्यात सगळं वायरिंग होऊन जाईल.

आणि वालदेवीकाठ ताईंनी लष्कराच्या हद्दीचं लिहिलंय, ते कागदातसुद्धा बघा. हद्दीलगत बांधकामाला अंतराच्या आणि उंचीच्या अटी आहेत. तुम्हाला पुढे काही वाढवायचं नसेल तर ती अट तुमच्या फायद्याची आहे, कारण ती शेजाऱ्यालाही लागू आहे. त्याचबरोबर गल्लीची रुंदी मोजा, प्रत्यक्ष टेप लावून आणि ले-आउटमधली, दोन्ही. २०२० मध्ये राज्यासाठी जी एकत्रित विकास नियमावली आली तिच्यात रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) किंवा टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. म्हणजे ७.५ मीटरच्या गल्लीत बिल्डरला जुना बंगला पाडून उंच बिल्डिंग उठवण्यात फारसा रस नसतो. तुम्ही विचारलंत ना शांतता पंधरा वर्षं टिकेल का, त्याचं निम्मं उत्तर या एका मापात आहे.

---

लॅम_रोडवाली

मी देवळाली कॅम्पची. कुणी तरी सुचवेल की जयभवानी रोडपेक्षा कॅम्पातच बघा, तिथे तर अजून शांत, मोठी झाडं, जुनी सॅनिटोरियम, हवा कोरडी. सगळं खरं आहे, दम्याच्या, टीबीच्या पेशंटला पूर्वी डॉक्टर इकडेच पाठवायचे. पण कॅन्टोन्मेंटमधले बरेच बंगले ओल्ड ग्रँटवर आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि तुमचं फक्त वरचं बांधकाम, विकायला, दुरुस्तीला, कशालाही परवानगी. २०२३ ला हिमाचलमधलं योल कॅन्टोन्मेंट बंद केलं तेव्हापासून इथलाही नागरी भाग बाहेर काढणार अशी चर्चा आहे, त्या चर्चेवर पैसे लावू नका. जे तुम्हाला दाखवताहेत ते महापालिका हद्दीतलं आहे, ते बरं आहे.

मला सासूबाईंबद्दल लिहायचंय. माझी आई आमच्या जुन्या घरात एकटी राहायची, खाली घर, अंगण, शेजार, सगळं जसं वर लिहिलंय तसंच. तिचा दिवस फार चांगला जायचा. रात्र मात्र कठीण असते. रात्री दहानंतर जुन्या वस्तीत रस्त्यावर चिटपाखरू नसतं, शेजारीही सत्तरीचेच, अर्ध्या रात्री छातीत दुखलं तर गाडी काढणारं कोण? तुमच्याकडे तुम्ही दोघं आहात म्हणून हा प्रश्न आज नाही, पण त्या गल्लीतल्या बाकीच्यांना आहे आणि तुम्ही तिथे गेलात की गाडी चालवणारं घर तुमचंच असेल. हे ओझं म्हणून सांगत नाही, मला तर वाटतं की असं एक घर गल्लीत आलं की चार म्हाताऱ्या घरांना झोप लागते. फक्त तयारीने जा. जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कुठलं, तिथे कार्डिअॅक आहे का, १०८ ला पत्ता सांगताना खूण काय सांगायची हे पहिल्या आठवड्यातच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे तीही लिहा.

मुलीबद्दल शिफ्ट_बी दादांचं पटलं. पण एक आहे, आमच्याकडे गेल्या काही वर्षांत उलटं पण व्हायला लागलंय. दोन घरं अशी आहेत की मुलं पुण्याहून घरून काम करायला म्हणून आली आणि राहिलीच, त्यांची लहान मुलं आता रस्त्यावर सायकली चालवतात. एक घर भाड्याने दिलंय, त्यात आर्मीवाल्यांची फॅमिली. म्हणजे वस्ती म्हातारी झाली की संपलीच असं नाही, मधला काळ असतो. तुमच्या गल्लीत तो मधला काळ सुरू आहे का संपत आलाय हे तिथल्या किराणावाल्याला विचारा. त्याच्याकडे डायपर किती जातात हे त्याला बरोबर माहिती असतं.

---

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तुमचं वाचून आम्ही परत गेलो, संध्याकाळी, मुलीलाही घेऊन. गल्ली टेपने मोजली, ७ मीटरच्या थोडी वर भरते. किराणावाल्याने सांगितलं की पलीकडच्या गल्लीत तीन घरांत मुलं आहेत, त्यातली एक मुलगी आमच्याच मुलीच्या वर्गातली निघाली, दोघी तिथेच बोलत बसल्या, मग निघायला उशीर. मिस्टरांनी दहा-बारा लोकांशी बोलून वडनेर रोडऐवजी कुठून यायचं ते बघितलं, पंचवीस मिनिटं लागतात म्हणतात, अजून तोंड वाकडंच आहे पण नकार नाही.

तिरकी भेग एका खिडकीखाली आहे, फोटो काढलाय, इंजिनीअरला दाखवतोय. कागदांचं सातबारा दादांनी लिहिलंय तसंच करणार.

आता एकच नवीन प्रश्न. हा जुळा बंगला आहे, मधली भिंत कॉमन. पलीकडच्या अर्ध्यात एक आजोबा-आजी आहेत, दोघं ऐंशीच्या आसपास, मुलगा कॅनडाला. आज ते अत्यंत चांगले आहेत, चहा पाजला त्यांनी. पण उद्या त्यांच्या मुलाने ते पाडायचं ठरवलं तर आमच्या घराचं काय?

---

वीट_वाळू

बरं झालं विचारलंत, हे मी आधीच लिहायला हवं होतं कारण जुळ्या बंगल्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच. लोडबेअरिंगमध्ये मधली भिंत दोघांचा स्लॅब उचलते. पलीकडचं पाडलं तर ती भिंत तुमची बाहेरची भिंत होते, पण ती तशी बांधलेली नसते, तिला पावसाचं प्लॅस्टर नाही, आणि पलीकडचा स्लॅब त्याच भिंतीत घुसलेला असतो. मशीन लावून ओढलं तर तुमच्याकडे भेगा जाणारच. हाताने, स्लॅब भिंतीपासून आधी कापून वेगळा करून पाडावं लागतं आणि तुमच्या बाजूने टेकू द्यावे लागतात.

मूळ नकाशात बघा, मधे एकच नऊ इंची भिंत आहे का दोन स्वतंत्र भिंती चिकटून आहेत. काही चांगल्या आर्किटेक्टांनी तेव्हासुद्धा दोन भिंती आणि मधे सांधा ठेवलाय, तसं असेल तर काळजीच मिटली. गच्चीवर जाऊन पॅरापेटला (कठड्याला) मधोमध उभी सरळ फट दिसते का बघा, तिथे अंदाज येतो.

---

सातबारा

आणि एकच भिंत असेल तर आजोबांशी आत्ताच बोलून साधा करार करून ठेवा, की कुणीही पाडकाम केलं तर दुसऱ्याच्या इंजिनीअरच्या देखरेखीखाली करायचं आणि मधल्या भिंतीचा खर्च पाडणाऱ्याचा. रजिस्टर केलात तर उत्तम. आजोबा आहेत तोवर हे अर्ध्या तासाचं काम आहे, नंतर कॅनडाला वकिलामार्फत पत्रव्यवहार करावा लागतो. शक्यतो त्यांच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊनच बोला म्हणजे त्यालाही माहिती राहील.

---

वालदेवीकाठ

चहा पाजला म्हणजे पुढचं अवघड नाही. आणि चाफेकळी, व्यवहार झाला तर कोबा उकलायचं काम मार्चमध्येच काढा, मेच्या शेवटी वळवाचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही आणि उघड्या स्लॅबवर तो पडला तर आजोबांच्या बाजूलासुद्धा गळेल. तोवर सासूबाईंना एखाद्या संध्याकाळी नुसतं घेऊन या, व्यवहार होवो न होवो. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली बाक आहे, साडेपाचनंतर तिथे बायका असतात, माझं नाव सांगायची गरज नाही, सिन्नरच्या आहेत म्हटलं की पुरे, तिथल्या दोघी सिन्नरच्याच आहेत.